नानांना ऐकू आलेलं पाणी

आधीच सांगते, आमच्या घरात अंगारे-धुपारे, उतारे असलं काही चालत नाही. कुणी भुताखेतांच्या गोष्टी काढल्या की मी उठून स्वयंपाकघरात जाणारी बाई. तरी हे लिहितेय, कारण हे भुताचं नाहीच... आणि कशाचं आहे, ते मला आजवर कळलेलं नाही.

गोष्ट सुरतची, शहाण्णव सालच्या उन्हाळ्यातली. गोडादऱ्यात आमचं बैठं घर होतं आणि मागे दहा बाय वीसची मोकळी जागा. माझे सासरे — नाना — मूळचे पारोळ्याकडचे. तीस वर्षं कापडाच्या लूमवर, त्या खडखडाटात काढली आणि दोन्ही कान गमावून घरी बसले. कानाच्या नसाच गेल्यात, मशीनचाही उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. पाठीमागे कुकरची शिट्टी झाली तरी त्यांना पत्ता नसे. आम्ही खुणांनी बोलायचो, आणि खरं सांगायचं तर हळूहळू तेही कमी झालं होतं. मागची बाग तेवढी त्यांची. वांगी, मेथी, गिलक्याचा वेल... दिवसभर तिथेच.

त्या चैत्रात बागेच्या कोपऱ्यात पाणी साचायला लागलं. पाऊस नाही, कुठे नळ गळत नाही, आणि रोज घोटाभर पाणी! वांग्यांची मुळं कुजली, डास झाले, स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला तडा गेला. प्लंबर येऊन टाकी, बाथरूम, सगळ्या लाइनी तपासून गेला. दोन दिवस घरातलं पाणी बंद ठेवून पाहिलं, तरी तेच. मग यांचा — माझ्या मिस्टरांचा — संशय शेजारच्या जयाबेनच्या मोरीवर गेला. शब्दाला शब्द वाढला आणि दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. शेवटी यांनी ठरवलं, बागेत भराव टाकून कोबा करून घ्यायचा. रविवारी मिस्त्री येणार होता. नानांना खुणेनं सांगितलं. ते जाऊन वांग्याच्या रोपांपाशी बसून राहिले.

शनिवारची सकाळ, साडेदहा-पावणेअकरा झाले असतील. हे डाईंग मिलमध्ये गेलेले. मी खाली बसून साडीला टिकल्या लावत होते. नाना खाटेवर मांडी घालून चहा पीत होते. एकदम त्यांनी बशी ठेवली, मान तिरपी केली — ऐकणारा माणूस करतो तशी — आणि त्यांच्या अहिराणीत म्हणाले,

"पोरी, पानी वाही ऱ्हायनं."

मला वाटलं, बागेचा घोर लागून नानांचं डोकं फिरलं. पण ते उठून निघालेच. बागेकडे नाही — पुढच्या दारानं बाहेर, जयाबेनच्या कंपाउंडला वळसा घालून मागच्या पडीक प्लॉटमध्ये. मी साडी तशीच टाकून त्यांच्या मागे. बाभळीच्या झुडपांत ते एका जागी थांबले आणि टाचेनं माती दाबली. "आठेच," म्हणाले, म्हणजे इथेच. जमीन ठणठणीत कोरडी. पाचेक मिनिटं तसेच उभे राहिले, मग म्हणाले, "आते बंद व्हयनं."

का कुणास ठाऊक, घरी आल्यावर मी घड्याळ पाहिलं. दुपारी चारला पुन्हा तेच झालं. तीही वेळ मी लक्षात ठेवली.

संध्याकाळी धीर करून जयाबेनकडे गेले, कारण त्या भागातली जुनी माणसं त्यांनाच माहीत. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग चप्पल घालून माझ्यासोबत निघाल्या आणि मला जमिनीच्या मूळ मालकाकडे घेऊन गेल्या. ते काका म्हणाले, सोसायटी व्हायच्या आधी इथे त्यांचा ऊस होता. अर्धा किलोमीटरवरच्या बोअरचं पाणी जमिनीखालच्या सिमेंटच्या पाइपातून शेतात यायचं. पाइपाचं तोंड तेव्हाच बंद केलं होतं. बोअर मात्र अजून चालू होती, गोठ्यातल्या म्हशींसाठी. आज मोटर कधी लावली होती, असं मी विचारलं.

"अगियार वाग्या पहेलां," ते म्हणाले, "ने पछी चार वागे."

अकराच्या आधी, आणि मग चारला. मी लक्षात ठेवलेल्याच त्या वेळा.

रविवारी मिस्त्री आला, पण यांनी त्याला त्या प्लॉटमध्ये खणायला लावलं. रात्री यांना सगळं सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं हे हसतील, पण हसले नाहीत. नानांनी टाच टेकवलेल्या जागी, कमरेइतक्या खोलीवर पाइप फुटलेला सापडला. तिथून पाणी जुन्या चरानं आतल्या आत थेट आमच्या बागेकडे उतरत होतं. काकांनी बोअरजवळच तो फाटा कायमचा बंद करून दिला. चार दिवसांत कोपरा कोरडा झाला. हे स्वतः जयाबेनकडे जाऊन माफी मागून आले.

पाण्याचा उलगडा झाला. नानांचा काही झाला नाही. यांनी त्यांच्या पाठीमागे जाऊन स्टीलचं ताट आपटून पाहिलं... नाना हललेसुद्धा नाहीत. डॉक्टरांनी कान पुन्हा तपासले, काडीचा फरक नव्हता. जमिनीची थरथर पायांना जाणवली असेल, असं ते म्हणाले. पण नाना तर खाटेवर मांडी घालून होते, आणि जमिनीवर बसलेल्या मला काहीच जाणवलं नव्हतं.

शेवटी एका सकाळी, हे घरी असताना, मीच कागदावर लिहून विचारलं, "नाना, तुम्हाला ऐकू कसं आलं?"

त्यांनी कागद वाचला. मग म्हणाले, "कानमा लूम चालूच ऱ्हातस. त्या दिन थांबी ग्यात. मंग पानीना आवाज उना."

इतकी वर्षं त्यांच्या कानात लूमचा खडखडाट सतत चालू होता, आणि आम्ही मात्र त्यांना शांत बसलेला माणूस समजत होतो! तो खडखडाट नंतर परत आला, पण हळू झालाय म्हणाले. पाणी पुन्हा कधी ऐकू आलं नाही. लूम त्याच दिवशी का थांबले, आणि थांबल्यावर माझा आवाज नाही, रस्त्याचा नाही, नेमकं जमिनीखालचं पाणीच का ऐकू यावं... मला सांगता येत नाही. डॉक्टरांनाही आलं नाही.

यांनी तो कागद ओढून घेतला आणि खाली लिहिलं, "कोपऱ्यात आता काय लावायचं?" आणि त्या सकाळी बापलेक कितीतरी वेळ बोलत बसले, एक लिहून आणि एक बोलून.