डल्सी पार्डीच्या दुरुस्त्या

पिंचर्स कोव्हच्या नगरपालिकेमागे दोन खोल्यांचं वाचनालय होतं आणि एकवीस वर्षं ते डल्सी पार्डीने सांभाळलं होतं. न्यूफाउंडलंडच्या त्या किनाऱ्यावरचा कॉड मासा संपला, बोटी उपड्या पडल्या, निम्मं गाव टोरांटोकडे निघून गेलं, तरी डल्सी सकाळी दहाला कुलूप काढायचीच. आतल्या खोलीत प्रांताच्या कायद्यांचे लाल बांधणीचे जाडजूड ग्रंथ होते. कायदा बदलला की राजधानीतून दुरुस्त्यांचं पाकीट यायचं. ती त्या दुरुस्त्या कापायची, खळ लावून जुन्या मजकुरावर चिकटवायची. "डल्सी कायद्याला ठिगळं लावतेय," म्हणून गाव हसायचं.

१९९५ च्या ऑगस्टात फॉन्स किहो तिच्याकडे आला. खेकड्याच्या कारखान्यात तो उकळत्या कढईपाशी उभा असायचा. ती वाफ त्याच्या छातीत जाऊन बसली होती. दोन पायऱ्या चढला तरी श्वासाला शीळ लागायची. कामगारांच्या भरपाई मंडळाने त्याचा अर्ज फेटाळला होता. वाचनाशी त्याचं कधी जमलं नाही, म्हणून पत्र घेऊन तो सरळ इकडे आला.

"अपिलाला मुदत किती, तेवढं सांग बाई."

'कायद्याने ठरवलेल्या मुदतीत अपील करावे,' एवढंच पत्रात होतं. डल्सीने लाल ग्रंथ काढला, कलम शोधलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं: निर्णय मिळाल्यापासून एक वर्ष.

"वर्ष म्हणजे ढीगभर वेळ झाला की!" फॉन्स म्हणाला. "मग हंगाम उरकूनच करतो. आत्ता अपील केलं तर मुकादम मला उद्याच घरी बसवेल. बेकारभत्त्याला जेवढं काम भरावं लागतं, त्यात अजून सात आठवडे कमी पडतायत."

"डॉक्टरचा कागद तेवढा घेऊन ठेव."

"घेतो गं. घरी मार्सेला कमी होती म्हणून आता तू!"

जानेवारीत दोघांनी बसून अपील लिहिलं. मार्चमध्ये उत्तर आलं. मुदत नव्वद दिवसांची होती आणि ती कधीच उलटून गेली होती. कायदा बदलून वर्षाच्या मुदतीचे नव्वद दिवस आदल्या वसंतातच झाले होते. काटकसर म्हणून छोट्या वाचनालयांना दुरुस्त्या पाठवणं बंद झालं होतं आणि बंद केल्याचंही कुणी कळवलं नव्हतं. वर्षभर पाकीट आलं नाही तेव्हा डल्सीला वाटलं होतं, यंदा कायदे बदलले नसतील.

"पुस्तकात होतं ते तू वाचलंस," फॉन्स म्हणाला. "तुझा काय दोष त्यात?"

मे महिन्यात तो पुन्हा कढईपाशी उभा राहिला. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तिथेच कोसळला. इस्पितळ दीड तासावर. रुग्णवाहिका पोचली, तो पोचला नाही.

डल्सी काकवीचा केक घेऊन त्याच्या घरी गेली. मार्सेला, फॉन्सची बायको, दारातच उभी राहिली. तिने हात पुढे केला नाही.

"तू वाचलंस म्हणून तो थांबला, डल्सी," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

त्याच उन्हाळ्यात वाचनालयाला एक संगणक आणि इंटरनेटची जोडणी मिळाली. शेजारच्या गावचा वकील सिरिल बजेल कायद्यातले बदल छापणारी सरकारी राजपत्रं मागवायचा. डल्सी ती खोके भरभरून आणू लागली. "ने, पण चहा सांडू नकोस," एवढंच तो म्हणाला. तिने भरपाईचा कायदा सगळ्या दुरुस्त्यांसकट टंकून काढला, प्रत्येक कलम दोनदा ताडून पाहिलं, कुठलं कधी बदललं त्याची तारीख खाली घातली आणि कुणालाही फुकट वाचता येईल असा इंटरनेटवर ठेवला. मग भाडेकरूंचा कायदा घेतला, मग मजुरीचा. प्रांताच्या पार दुसऱ्या टोकाच्या लॅब्राडॉरमधून एका बाईचं पत्र आलं: घरमालक उद्या बाहेर काढणार होता, तुमचं पान दाखवल्यावर थांबला.

वर्षभराने राजधानीतल्या एका कचेरीचंही पत्र आलं. कायद्याच्या मजकुरावर सरकारचा हक्क आहे, विनापरवाना प्रत काढली आहे, ती हटवावी. नगराध्यक्ष गार नोजवर्दी ते हातात घेऊनच आला.

"काढून टाक गं बाई ते. गावाचं अनुदान जाईल."

"गार, कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही, असं तेच म्हणतात ना? मग तो बघायचा कुठे?"

"ते मला नको विचारू. मी साधा नळ दुरुस्त करणारा माणूस."

तिने काढलं नाही. आधी वाचनालयाचे तास निम्मे झाले, पुढच्या वसंतात कुलूपच लागलं. डल्सीने स्वतःचा संगणक घेतला आणि काम स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुरू ठेवलं.

१९९९ च्या ऑक्टोबरात दारावर थाप पडली. मार्सेला होती. फॉन्स गेल्यावर तीही कारखान्यात लागली होती, खेकडे सोलायला. खोकल्याने ती चौकटीला धरून वाकली. हातात मंडळाचं पत्र होतं.

"मी तुला माफ करायला आलेली नाही."

"ठाऊक आहे मला. ये."

डल्सीने पान उघडलं आणि वाचायला तोंड उघडलं.

"तू नको वाचूस. सरक तिकडे. मी वाचते."

काचेवर बोट ठेवून मार्सेला एकेक शब्द वाचत गेली. "नव्वद," ती म्हणाली. "हे आजचं आहे?"

"गेल्या मंगळवारपर्यंतचं. नंतरचं राजपत्र अजून यायचंय. उद्या फोन करून विचारते."

"आत्ता कर."

डल्सीने फोन लावला. चार ठिकाणी फिरवल्यावर एका कारकुनाने सांगितलं, बदल नाही. मार्सेलाने कारकुनाचं नाव लिहून घेतलं आणि गेली.

अपील बाराव्या दिवशी दाखल झालं. दोन वर्षं रखडलं आणि निम्मी भरपाई मंजूर झाली. मार्सेलाची छाती काही सुधारली नाही. चर्चच्या पायऱ्यांवर भेटली तर ती डल्सीकडे बघून मान हलवायची, त्यापुढे काही नाही.

पुढे सरकारने स्वतःच सगळे कायदे इंटरनेटवर फुकट खुले केले. डल्सीला कुणी कळवलं नाही, तिने बातमीत ऐकलं. आठवडाभर बसून तिने आपली पानं त्यांच्याशी ताडून पाहिली. त्यांची एक चूक सापडली, ती त्यांना लिहून पाठवली. स्वतःच्या दोन सापडल्या. दोन्ही भाडेकरूंच्या कायद्यात, तीन वर्षं तशाच राहिलेल्या. मग तिने आपली पानं बंद केली. त्या तीन वर्षांत ती दोन कलमं कुणी वाचली आणि त्यांचं काय झालं, हे तिला कधीच कळलं नाही.