संगमरवरी ओटा आणि ड्रायव्हरसाहेब

हयातभर बस चालवलेल्या ड्रायव्हरसाहेबांना निवृत्त झाल्यावर घरात बसावं कुठे हेच कळेना. खुर्चीत बसले की नेमका तिथला केर काढायचा असे, बाल्कनीत गेले की कपडे वाळत घालायचे असत. "अहो, जरा पाय वर घ्या," हे ऐकून ऐकून त्यांचे कान किटले. शेवटी ते आपणहून स्वयंपाकघरात शिरले.

बायको नर्स, सगळ्यांच्या 'बाई', त्यांची नोकरी अजून चालू होती. बाईंनी आधी चहा साहेबांकडे दिला, मग भाजी चिरणं, मग भांडी. ओटा मात्र बरेच दिवस स्वतःकडेच ठेवला. भाड्याच्या घरांतल्या फुटक्या फरश्यांवर अर्धा संसार काढल्यावर हा पांढरा संगमरवर त्यांनी स्वतः निवडून आणला होता. दुकानदारापासून नणंदेपर्यंत सगळे म्हणाले, "ग्रॅनाइट घ्या, हा फार नाजूक." पण त्या राखाडी रेघा बाईंच्या मनात भरल्या होत्या, आणि बाईंच्या मनात एकदा भरलं की विषय संपला.

एक दिवस ड्यूटीवर निघताना त्या म्हणाल्या, "आजपासून ओटाही तुम्हीच बघा. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा थेंब, मऊ फडकं, आणि लगेच कोरडा करायचा. लिंबू-टोमॅटोचा रस सांडला तर हातातलं टाकून आधी तो पुसायचा. आणि तारेची घासणी लावाल तर बघा!"

साहेब हरखले. शेजारी चहाला आले की कपाखाली बशी सरकवू लागले. अधूनमधून दगडावर पाण्याचे थेंब टाकून बघत. थेंब मण्यासारखे उभे राहिले की डाग मुरू नयेत म्हणून दगडाला लावलेलं सीलर शाबूत, असं बाईंनी शिकवलं होतं. शेजारी हसत, पण साहेबांचं छान चाललं होतं.

मग बाई बहिणीकडे राहायला गेल्या आणि साहेबांना हुक्की आली. ओटा असा लखलखीत करायचा की बाईंनी दारातच थबकावं! आता, चमक म्हटली की त्यांना ठाऊक एकच, बसची समोरची काच. ती ते व्हिनेगरच्या पाण्याने पुसत आणि अख्ख्या डेपोत तशी काच कुणाची नसे. बाईंनी लिंबू सांगितलं होतं, टोमॅटो सांगितला होता. व्हिनेगरचं नाव कुठे घेतलं होतं? त्यांनी चिंब भिजवलेलं फडकं शेगडीजवळ ठेवलं आणि तेवढ्यात फोन वाजला.

"ओटा कसा आहे?" बाईंनी विचारलं.

"एकदम झकास!"

गप्पा आटोपून येऊन फडकं उचललं, तर खालच्या दगडाची चमक पार गेलेली. साबण झाला, पाणी झालं, चट्टा जागचा हलेना. बोलणी खायची साहेबांना सवय होती, त्याचं काही नाही. भीती होती ती बाई शांतपणे "राहू द्या, मी करते," म्हणतील याची. मग पुन्हा ती खुर्ची, आणि पुन्हा पाय वर.

चट्ट्यावर ट्रे ठेवून बघितला. ते मनाला पटेना, म्हणून काढला. बाई आल्या तेव्हा त्यांची चप्पल निघायच्या आत साहेबांनी सगळं सांगून टाकलं.

बाईंनी चट्ट्यावरून बोट फिरवलं. "अहो, व्हिनेगर?"

"काचेला चालतं ते."

"काचेला!" म्हणून बाई आत गेल्या. आतून फोनवर त्यांनी कुणाला तरी सकाळी यायला सांगितलं. त्या रात्री साहेबांना जेवण गेलं नाही.

सकाळी दगडाचा पॉलिशवाला आला. त्याने पॉलिशच्या ओल्या पुडीने आणि नमद्याच्या जाड तुकड्याने चट्टा घासून घासून चमक परत आणली, त्यावर सीलर लावलं. तिरक्या उजेडात अंधुक खूण दिसत होती, पण ती शोधणाऱ्यालाच. सामान आवरून तो बाईंकडे वळला, "बाई, नीट ऐका. व्हिनेगर, आंबट काही लावायचं नाही. सीलर पुन्हा कधी लावायचं, तेही सांगून ठेवतो."

बाई ड्यूटीचे बूट बांधत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "मला कशाला सांगता? ओटा ह्यांच्याकडे असतो. ह्यांना सांगा."

पॉलिशवाला साहेबांना पहिल्यापासून सांगू लागला. साहेबांच्या कानात अजून "ओटा ह्यांच्याकडे असतो" एवढंच घुमत होतं, त्यामुळे त्याचं एक अक्षरही आत शिरलं नाही, आणि सगळं पुन्हा सांगायला लावावं लागलं.