पानावरचे मौन

विलायती कलाबतू बाजारात उतरू लागली होती, त्या काळी बुऱ्हाणपुरात यादवराव नावाचे कलाबतूचे, म्हणजे सोन्याचांदीच्या जरतारेचे, एक व्यापारी राहत. तार अस्सल की हिणकस, हे त्यांची बोटे अंधारातही ओळखीत. पण स्वतःच्या मनावर मात्र त्यांचा तेवढा भरवसा नव्हता. घरचे कुणी यायला जरा उशीर झाला, की त्यांच्या चित्तात अनिष्टांची रांग लागे. "यांना सुखाच्या ताटातही आधी खडाच दिसतो," असे त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई म्हणत.

एका आषाढात त्यांची सहा वर्षांची नात कमल तापाने फणफणली. वैद्यांनी नाडी पाहून मान खाली घातली, तेव्हा यादवरावांनी देवापुढे संकल्प सोडला : पोर वाचली, तर कार्तिकीपर्यंत मौनाने जेवीन. पानावर बसल्यापासून आचवेपर्यंत शब्द तर नाहीच, हुंकारही नाही.

ताप उतरला, आणि यादवरावांची खरी चिंता सुरू झाली. कमलचा प्राण या व्रताच्या धाग्याला बांधलेला आहे; आपल्या मुखातून एक अक्षर निसटले, की धागा तुटेल, असे त्यांच्या मनाने घेतले. घरानेही मग खुणांची भाषा शिकून घेतली. पालथा पंजा म्हणजे पुरे, मिटलेली मूठ म्हणजे मीठ, उचललेले बोट म्हणजे पाणी.

भाद्रपदात निंबोल्याचे त्यांचे जुने स्नेही सुकलाल पाटील आग्रह करायला आले. "शेठजी, पोरगी बरी झाली, तिला धबधबा दाखवा. नाल्याच्या काठानं सपाट वाट आहे. बायामाणसं, लेकरं, सगळी आरामात जातात."

"शेवाळ?"

"वाटेवर नाही."

"आणि आभाळ?"

"आता आभाळाची जमानत कोण देणार, शेठजी? पण आज तर साफ आहे."

यादवराव निघाले, ते जणू नातीला रणांगणावर नेत असल्यासारखे. सून मालती हसत पुढे चालली होती. नाल्याचे पाणी घोट्याइतके, तळाचा वाळूकण दिसावा इतके निर्मळ. काठावर सागाची मोठाली पाने, त्यांवर कोवळे ऊन. कमल प्रत्येक वळणावर विचारी, "आला का धबधबा?" आणि यादवराव प्रत्येक वळणावर म्हणत, "हात सोडू नकोस." अखेर तो दिसला. काळ्या कातळावरून उतरणारी ती धार एखाद्या तपस्विनीच्या शुभ्र वस्त्रासारखी शांत होती. यादवरावांनी नकळत हात जोडले. क्षणभर त्यांची चिंताही निवली.

भोजनाची पाने मांडली गेली. पूर्वाभिमुख बसण्याचा त्यांचा नेम, म्हणून धबधबा त्यांच्या समोर आला. वाढणाऱ्या मनकर्णाबाई आणि मालती यांची पाठ पाण्याकडे. सुकलाल खाली वाकून कणसे भाजत होते. कमलचे खाणे आधीच उरकले होते. ती नाल्यातल्या एका सपाट दगडावर बसून पानांच्या होड्या सोडीत होती.

यादवरावांनी दराब्याचा गोड घास उचलला आणि ते थबकले. धारेचा रंग बदलला होता. पांढऱ्यात मातकट रेघा उमटल्या. मग पालापाचोळा आला, मग एक मोडकी फांदी. इथे ऊन होते, पण वर सातपुड्यात कुठेतरी पाऊस कोसळला असला पाहिजे. त्यांनी घाईने पाण्याकडे बोट केले.

मालतीने तत्परतेने तांब्या पुढे केला.

त्यांनी मान हलवली, पुन्हा बोट केले. मनकर्णाबाई म्हणाल्या, "अगं, नाल्याचं थंड पाणी हवं असेल. चोचले बघ."

त्यांनी टाळी वाजवली. सुकलाल मान वर न करताच हसले. "कणीस होतंच आहे, शेठजी. जरा दम धरा."

कमल वीसेक हात दूर होती. यादवरावांचे गुडघे असे, की उठायलाच दोघांचा आधार लागे. बोलावे, तर ज्या शब्दाने तिला वाचवायचे, त्याच शब्दाने तिचा धागा तुटणार. न बोलावे, तर डोळ्यांदेखत ती वाहून जाणार. कातळामागून घरघर ऐकू आली.

"कमल, वर ये. सुकलाल, पोरीला उचला, लोंढा येतोय."

पानावरून दोन महिन्यांत न उमटलेला तो आवाज ऐकून सारेच दचकले. सुकलाल कणसे टाकून धावले. त्यांनी कमलला काखेत घेऊन काठावर पाय ठेवला, तोच गढूळ पाणी त्या दगडावरून गेले.

मालतीने लेकीला पोटाशी धरले. यादवरावांनी मात्र पान सरकवले आणि हात धुतला. मौन मोडले, की त्या दिवशी अन्न वर्ज्य, असा नियम होता.

"बरं झालं बोललात," मनकर्णाबाई हलकेच म्हणाल्या.

"बरं की वाईट, ते कार्तिकात कळेल."

परतीच्या वाटेवर कमल एकदा शिंकली. यादवराव जागीच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पानावर बसले. समोर कमल, आणि घरातले सारे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. व्रत पुन्हा धरावे, की मोडले ते मोडले, हे त्यांनाही रात्रभर उमगले नव्हते. कमलनेच विचारले, "आजोबा, आज तुम्ही बोलणार?"

घास हातातच राहिला. त्यांना समोर तो दगड दिसला, आणि त्या दगडावर पाठमोरी बसलेली पोर.

"बोलणार," ते म्हणाले, आणि स्वतःच्याच आवाजाने शहारले. "अशी जवळ ये."

ती आली. त्यांनी डावा तळवा तिच्या कपाळावर ठेवला आणि तसाच बराच वेळ राहू दिला. कपाळ थंड होते. पण सोन्याची पारख करणाऱ्या त्या हाताचा त्यांना विश्वास वाटेना.

"मनकर्णा," ते म्हणाले, "जरा तूही हात लावून बघ."