कमलताईंनी मला पाळणाघरात बसवून ठेवलं तो दिवस

माझ्या मुलीला मी मारायची.
हे मला तोंडावर विचारणाऱ्या एकट्या कमलताई. परवा सकाळी त्या गेल्या.

नांदगाव पेठेत, कापड कंपन्यांच्या मागे, दोन खोल्यांत त्यांचं पाळणाघर. आम्ही बाया दिवसभर कंपनीत उभ्या राहून कापड चेक करायचो. पोरं ताईंकडे.
आमची वऱ्हाडी, काही बिहारची, काही ओडिशाची. सगळी दोन-चार वर्षांची.

माझी स्वरा तेव्हा तीनची. एकदम शांत. सगळे म्हणायचे, किती गुणी पोरगी!
मलाही अभिमान. आमच्या घरात सगळे असेच वाढलो. मोठ्यांनी डोळे वटारले की गप्प.

एक दिवस ताई म्हणाल्या, "उद्या सुट्टी घे. इथं येऊन बस."
"काहून ताई? काही केलं का तिनं?"
"तू बस फक्त."

दुसऱ्या दिवशी आतल्या खोलीत, पडद्यामागे बसले. स्वराला माहीत नव्हतं.

जेवताना गुड्डीचा पेला सांडला. गुड्डी ओडिशाच्या मिनतीची मुलगी. तिने उठून फडकं आणलं, पुसलं, परत भात खायला लागली.
मिनती तिच्यावर कधी ओरडायची नाही. पोरीला डोक्यावर बसवलंय, असं आम्हीच मागे बोलायचो.

थोड्या वेळाने स्वराचा पेला सांडला.

तिने दोन्ही हातांनी गाल झाकले. डोळे गच्च मिटले.
कोणी काहीच बोललं नव्हतं.

ताईंनी पाणी पुसलं, तिला नवा पेला भरून दिला. मग आत आल्या.
"मारतं का वं तिले?"
"दिवसभर उभी असतो ताई. घरी गेल्यावर डोकंच काम नाही करत."
"मले थकवा नको सांगू. मीबी थकूनच मारलं माया पोराले. आता पुण्यात असते तो. सहा-सहा महिने फोन नाही करत."

मी त्या दिवसापासून बदलले, असं लिहिलं तर खोटं होईल. महिने गेले. अजूनही हात उचलावासा वाटतो. मग मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसते.

स्वरा आता आठची. तोंडावर उत्तर देते, भांडते. नातेवाईक म्हणतात, पोरगी हाताबाहेर गेली.
असू दे. काही सांडलं, फुटलं की ती स्वतः येऊन सांगते.

काल ताईंच्या घरी त्यांचा मुलगा भेटला. चाळिशीचा असेल. मला बाजूला बोलावून हळूच विचारलं,
"तुमची मुलगी आईकडे होती ना? आईनं तिला कधी मारलं का?"
"नाही. कुणालाच नाही."
तो भिंतीकडे बघत म्हणाला,
"मला वाटायचं, न मारता तिला जमतच नसेल."

जास्त लिहवत नाही.
कमलताई, खूप थकला होतात. आता आराम करा.
तुम्ही सांभाळलेल्या सगळ्या पोरांचा, आणि आम्हा आयांचा, तुम्हाला शेवटचा नमस्कार.