डाव्या खिडकीतला वारा

मी चंदीगडला युनिव्हर्सिटीत संख्याशास्त्र शिकवायचो. त्यामुळे पुढच्या हकिगतीतले आकडे थोडेफार चुकीचे असले, तरी त्यांची सरासरी बरोबर आहे, एवढं आधीच सांगून ठेवतो.

माझे सासरे एअर फोर्समधले. विमान उडवणारे नव्हेत. विमान उडण्याच्या लायकीचं आहे की नाही हे ठरवणारे इंजिनिअर. म्हणजे भले भले पायलट ज्यांच्या सहीसाठी ताटकळत उभे राहायचे त्यांतले. निवृत्तीनंतर जवळच पंचकुल्यात घर बांधून राहिले. घराच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक जपानी स्पोर्ट्स कार होती. लांब नाकाची, दोन दरवाज्यांची, दोनच माणसांची. दिल्लीतल्या कुठल्याशा वकिलातीतला साहेब मायदेशी परतताना ती विकून गेला होता. बाबांनी ती घेतली तेव्हा म्हणे चंदीगडच्या प्रत्येक चौकात पोलिसाने आधी सॅल्यूट ठोकला होता आणि मग विचारलं होतं, की आपण कोण?

सासूबाई गेल्या आणि बाबा फाटकाबाहेर पडेनासे झाले. भाजी दारावर, पेन्शनचं काम माझ्याकडे, फिरणं व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. दीड वर्ष. माझी बायको इथल्या मोठ्या इस्पितळात भुलीची डॉक्टर. दिवसाला डझनभर माणसांना झोपवून परत उठवणारी बाई, पण स्वतःच्या बापाला उठवता येईना. एके दिवशी ती मला म्हणाली, "मला बाकी काही नको. बाबा त्या फाटकाच्या बाहेर दिसले पाहिजेत."

"मग गाडी चालू करू," मी म्हणालो.

"तू? तुला मिक्सरचं झाकण लावता येत नाही."

ते खरं होतं. शिवाय मी कोल्हापूरकडचा. आमच्याकडे गाडी बंद पडली की दहा जण ढकलायला येतात, म्हणून दुरुस्त करायला कोणी शिकत नाही. पण ते नव्वदीचे दिवस होते. रस्त्यावर दर महिन्याला नवं मॉडेल दिसायचं, माणसांना वाटायचं की आता काहीही होऊ शकतं. मलाही तसंच वाटलं.

ताडपत्री काढली तेव्हा आत मुंगसाच्या तीन पिढ्या नांदत होत्या. बॉनेटमधून मधुमालतीचा वेल वर आला होता आणि त्याला फुलं होती. मी जवळच्या खरड गावाहून एक मिस्त्री शोधून आणला. सरदारजी, साठीचे. ट्रॅक्टर आणि कापणीची कंबाईन यंत्रं दुरुस्त करण्यात हयात गेलेली. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ मारली आणि म्हणाले, "प्रोफेसर साब, ये तो मरी नहीं है जी. रूठी हुई है."

गाडी खरडला न्यावी असं त्यांचं म्हणणं. बाबा आरामखुर्चीतून न उठता म्हणाले, "सही झाल्याशिवाय फाटकाबाहेर जाणार नाही." दीड वर्षातलं त्यांचं हे सगळ्यात लांब वाक्य. त्यामुळे मिस्त्रीजीच दर रविवारी स्कूटरवरून हत्यारं लादून पंचकुल्याला यायला लागले.

सहीचं प्रकरण असं. एअर फोर्समध्ये बिघाडाला स्नॅग म्हणतात. स्नॅग सापडला की वहीत लिहायचा, दुरुस्त केला की समोर काय केलं ते लिहून सही ठोकायची. एकही स्नॅग विनासहीचा राहिला तर विमान जमिनीवर. बाबांनी हीच वही गाडीलाही लावली होती. निळ्या कापडी पुठ्ठ्याचं जाडजूड रजिस्टर; रकाने आखलेले: तक्रार, कोणी केली, काय केलं, सही. आणि त्याला जोडून त्यांचा एक नियम, जो ते घरातल्या प्रेशर कुकरलाही लावायचे: ज्याने सही केली, त्याने पहिल्या फेरीला जातीने आत बसायचं. "म्हणजे माणूस सही करताना हात आखडता घेतो," असं ते म्हणत.

मी रजिस्टरचा ताबा घेतला. आकड्यांच्या माणसाला रकाने दिले की तो बेभान होतो. मी एकशे एकोणीस स्नॅग लिहिले. (मिस्त्रीजींच्या मते वीस. पण ते गंजाला एकच धरत.)

पार्ट कुठेच मिळत नव्हते, म्हणून गाडीत बदल करत जावं लागलं. ब्रेकचा सिलिंडर जीपचा. रेडिएटरचा पंखा एका नव्या छोट्या गाडीचा, विजेवर चालणारा. तो पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा शेजारच्या कर्नलसाहेबांची दोरीवरची बनियन आमच्या शेडकडे ओढली गेली, असं मी सांगतो. बायको म्हणते, वारा होता. प्रत्येक बदलाची नोंद मी 'मॉडिफिकेशन क्रमांक अमुक' म्हणून करायचो आणि संध्याकाळी रजिस्टर बाबांच्या मांडीवर ठेवायचो. ते चष्मा न लावता नुसते पान उलटायचे.

मग एका रविवारी इंजिन खोकत सुरू झालं. गाडीला दोन कार्ब्युरेटर. दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे, नाहीतर गाडी लंगडते. मिस्त्रीजी कानात रबरी नळी घालून ऐकत होते, पण ट्रॅक्टरने त्यांचे कान कधीच नेले होते. बायको आतून स्टेथोस्कोप घेऊन आली आणि बॉनेटवर वाकली.

"डाव्याला दमा आहे," ती म्हणाली.

"डॉक्टर साब, दवाई बताओ," मिस्त्रीजी.

"उजवा जास्त पितोय." आवाज मागून आला. बाबा. व्हरांड्याच्या तीन पायऱ्या उतरून, चपला न घालता, अंगणात उभे. "स्क्रू पाव फेरा. पाव म्हणजे पाव, सरदारजी. तुमचा पाव अर्धा असतो."

त्या दिवसापासून बाबा शेडमध्ये बसायला लागले. एकेका स्नॅगवर बोट ठेवून विचारायचे, खात्री झाली की सही करायचे. चहा शेडमध्ये, जेवण शेडमध्ये. सरदारजींशी भांडण इतकं रंगायचं की सोमवार ते शनिवार बाबांना करमेना. फाटक आता वीस पावलांवर होतं.

आणि इथे मी माती खाल्ली.

रजिस्टरची जुनी पानं चाळताना मला एक तक्रार दिसली. पेन्सिलने, गोल मराठी अक्षरात: 'डाव्या खिडकीतून वारा येतो. केस विस्कटतात.' कोणी केली: 'मी.' काय केलं, या रकान्यात बाबांच्या शाईत: 'नंतर बघू.' सही नाही. पुढे चार पानांनी पुन्हा तेच. वारा येतो. नंतर बघू. मी मोजल्या. अकरा वेळा. हा आकडा खरा आहे. इथे मी काहीही वाढवलेलं नाही.

माझ्यातला बाबू जागा झाला. सगळं रजिस्टर स्वच्छ आणि सासूबाईंचीच तक्रार उघडी? मिस्त्रीजींनी भंगारातल्या फ्रीजच्या दाराचं रबर आणलं आणि आम्ही ते डाव्या काचेभोवती असं बसवलं की दार लागताना 'थप्प' आवाज यायचा, आत लोणी ठेवलंय असा. मी अकराही ओळींपुढे लिहिलं, 'रबर बदलले', आणि ऐटीत माझी सही केली. बाबांना सांगितलं नाही. म्हटलं, चकित करू.

फेरीचा दिवस ठरला. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. डावीकडे बसायचा पहिला मान लेकीचा, असं मीच ठरवलं. गाडी निघाली, फाटकाशी आली. बाबांनी हात लांब करून डावी काच वर घेतली. थप्प. गाडी थांबली. ते त्या काचेच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मग इंजिन बंद करून उतरले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

"गाडी उत्तम झाली, प्रोफेसर. आता तुम्हीच चालवा."

आणि व्हरांड्यात जाऊन बसले. बायको गाडीतच बसून राहिली. पुढच्या रविवारी मिस्त्रीजी आले, पंधरा मिनिटं एकटेच कार्ब्युरेटरशी भांडले आणि परत गेले.

त्यानंतर मी आणखी चार दिवस दम धरला. पाचव्या दिवशी रजिस्टर घेऊन त्यांच्यासमोर बसलो. "बाबा, माझं काहीतरी चुकलंय. पण एक सांगा, तुम्ही एवढे शिस्तीचे. अकरा वेळा 'नंतर बघू'? रबर मिळत नव्हतं का?"

ते उठले, आतल्या कपाटातून एक लांब पाकीट घेऊन आले. वर जपानी अक्षरं. आत खिडकीचं रबर, कंपनीचं, अस्सल. कधीच न वापरलेलं. वाळून काठीसारखं झालेलं.

"गाडी घेतली त्याच वर्षी मागवलं होतं," ते म्हणाले.

"मग लावलं का नाही?"

बाबांनी फाटकाकडे बघितलं. "वारा लागला की ती इकडे सरकायची."

आता बघा, मी बोलका माणूस. वर्गात तास संपल्याची घंटा मला ऐकू येत नाही. पण त्या वेळी मी नुसता उठलो. आत गेलो, दाढीचं ब्लेड घेतलं, शेडमध्ये जाऊन फ्रीजचं रबर कापलं. चार बोटं. मग रजिस्टर उघडलं, माझ्या अकराही सह्या खोडल्या आणि खाली नवी ओळ लिहिली: 'डाव्या खिडकीतून वारा येतो.' रजिस्टर बाबांच्या मांडीवर ठेवलं.

या वेळी त्यांनी चष्मा मागितला. बराच वेळ वाचत होते, जणू तिथे कादंबरी लिहिली होती. मग खिशातून पेन काढलं. 'काय केलं' या रकान्यात लिहिलं, 'नंतर बघू'. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या दोन शब्दांपुढे सही केली.

"असा स्नॅग ठेवून उडता येतं?" मी विचारलं.

"काही स्नॅग ठेवूनच उडायचं असतं. वहीत तशी सोय आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "रबर कोणी कापलं?"

"मी."

"नियम माहीत आहे ना? बसा डावीकडे."

बायको इस्पितळातून आली तेव्हा आम्ही फाटकाबाहेर पडत होतो. तिने तिची स्कूटर रस्त्याच्या मधोमध तशीच सोडली आणि आमच्या मागे धावत कोपऱ्यापर्यंत आली, दोन्ही हात हलवत, अंगावर पांढरा कोट.

पिंजोरच्या रस्त्याला लागल्यावर बाबांनी गाडी मोकळी सोडली. आम्ही ताशी दोनशेने गेलो. बरं, साठ. चार बोटांच्या फटीतून वारा शीळ घालत आत आला आणि माझ्या टकलावरून गेला. तिशीतच मी केसांचा राजीनामा मंजूर केला होता. विस्कटायला काही शिल्लक नव्हतं.

"येतोय का वारा?" बाबांनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

"येतोय, बाबा."

"मग सरका इकडे."

मी सरकलो.