बँकॉकमध्ये भरलेले टब

त्या वर्षी एकदा पाऊस पडला आणि गायब झाला. सोयाबीन करपलं, लोकांनी दुबार पेरणी केली, आणि लातूरच्या माझ्या दुकानातून बियाणं दुप्पट खपलं. टार्गेट पुरं झालं म्हणून बियाण्याच्या कंपनीनं आम्हा दुकानदारांना दिवाळीआधी बँकॉकला नेलं.

गाइडनं बसमध्येच बजावलं, टॅक्सी मीटरनंच करा, बाजारात निम्म्या भावापासून बोला, रात्री फिरायला जाताना पासपोर्ट सोबत नेऊ नका. आम्ही माना डोलावल्या. खोलीत शिरल्या शिरल्या मी टबचा नळ सोडला आणि टब काठोकाठ भरून ठेवला. घरी दहा दिवसांतून एकदा पाणी यायचं, हाताला वळण तेच होतं.

सकाळी हॉटेलवाल्यांकडून कळल्यावर गाइड वैतागला. "सगळ्या खोल्यांतले टब भरून ठेवलेत तुम्ही. इथं नळ जात नाही हो."

निघेपर्यंत एकानंही टबचं बूच काढलं नाही.

परत येऊन दुकान उघडलं. दोनदा पेरून बसलेलं एक गिऱ्हाईक आलं होतं.

"मालक, तिकडं पाणी हाय का?"

"हाव, लई हाय. तुमच्या रानात ओल हाय का?"

"न्हाई."

तरी मी ओलीवरच उगवणाऱ्या हरभऱ्याच्या बियाण्याची पिशवी काढून त्याच्यापुढं ठेवली.