बाबलमेस्त्रीची लेव्हल

आम्ही फरशी घालणारे. लोकांच्या घरात आठ-आठ दिवस गुडघ्यांवर असतो. आणि खाली बसलेल्या माणसासमोर घरचे लोक काहीही बोलतात, जणू त्याला कानच नाहीत! मग किस्से साचणार नाहीत तर काय?

आमचे मेस्त्री म्हणजे पेडण्याचे बाबलमेस्त्री. बारा वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो. जुनी जमीन कुठे खोल, कुठे उंच, ते आधी काढायचं, सारखं करायचं आणि मगच फरशी, हा त्यांचा धर्म. हत्यार एकच, पाणी भरलेली नळी. एक टोक मी धरायचं, एक त्यांनी. पाणी थांबलं की भिंतीवर पेन्सिलीची खूण. घरमालक म्हणाला, "सपाटच तर दिसते," की उत्तर तयार, "डोळो फसयता, पाणी फसयणा नाय!"

"माझ्या हातची एक फरशी वाकडी दाखवा, मेस्त्री नाव टाकतंय!" हेही वर.

*

मुळगावात एक रिटायर मास्तर होते. त्यांनी नळी नको म्हटलं. "मी गोटी ठेवून टेस्ट केलीय, जमीन ओके आहे."

मेस्त्रींनी सालात, म्हणजे पुढच्या मोठ्या खोलीत, गोटी ठेवली. ती निघाली ती थेट स्वयंपाकघरात!

मास्तर शांतपणे म्हणाले, "ह्या घरात येता तां सगळां थंयच जाता. पेन्शनसुद्धा!"

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. आम्ही मान खाली घालून नळी उलगडली.

*

एकदा मेस्त्रींच्या भाच्याचं लग्न होतं. मंगलाष्टकं झाली, सगळे अक्षता टाकून नवरीकडे बघताहेत आणि आमचे मेस्त्री खाली जमिनीकडे!

मी विचारलं, "कशी वाटली नवरी?"

"व्हकल बरी आसा," ते म्हणाले, "पण स्टेजाक उतार आसा!"

*

डिचोलीच्या एका ट्रकवाल्याला चवथीच्या आधी फरशी हवी होती. जमिनीत मधोमध मोठा उंचवटा. मेस्त्री म्हणाले, फोडू. तो म्हणाला, "फोडू नकात, वेळ जातलो. बाकीची जमीन वर घ्या!"

घेतली. मेस्त्रींनी बजावलं होतं, पुढचं दार खालून तासून घ्या. चवथीच्या गडबडीत ते राहिलंच. फरशी ओली म्हणून सगळे मागून ये-जा करत होते.

चवथीच्या सकाळी गणपती डोक्यावर घेऊन मंडळी अंगणात उभी, आणि दार उघडेना! शेवटी मूर्ती मागच्या दाराने, चुलीजवळच्या करंज्यांच्या ताटाशेजारून आत आली. घरच्या बाईंनी तेवढ्यात सावरून घेतलं. "बरां जालां. बाप्पान आदी नेवऱ्यो बघल्यान!"

*

आता हळर्णचा किस्सा. हा मी सहसा सांगत नाही.

तिथल्या आबांची नजर पूर्ण गेली होती. जमीन खडबडीत, म्हातारा पडेल म्हणून मुलाने फरशी घालून घ्यायचं ठरवलं. आम्ही चार उंचवटे फोडले, दोन खळगे भरले. इतकी सपाट फरशी मेस्त्रींच्याही हातून क्वचित झाली असेल.

"आबानू, आता ठेच लागाची नाय!" मेस्त्री खुशीत म्हणाले.

पंधरा दिवसांनी राहिलेलं पॉलिश करायला गेलो, तर आबा खुर्चीत. सून म्हणाली, तेव्हापासून उठतच नाहीत. आधी स्वतःच विहिरीपर्यंत जायचे, आता पाणीसुद्धा हातात द्यावं लागतं.

मेस्त्रींनी जवळ बसून विचारलं, "काय जालां, आबानू?"

"खांबाकडे उंच लागला की माका कळा, हयसून दार. खळगो लागलो की चूल," आबा म्हणाले. "माजां घर खंय नेलंस रे?"

मेस्त्रींनी सुनेने आणलेला चहा तसाच ठेवला. मला वाईट वाटलं, त्यांच्यासाठी आणि आबांसाठीही.

दुसऱ्या सकाळी मेस्त्री कुणी न बोलावता छिन्नी-हातोडा घेऊन हजर. खांबाजवळच्या तीन फरश्या काढल्या, खाली माल भरला, वर बसवल्या, कडा घासल्या. आबांना हाताला धरून अनवाणी त्यावर उभं केलं.

"हयसर इतकोच उंच?"

"वायच वर."

मी सवयीने नळी उलगडायला घेतली.

"ती थंयच ठेव," मेस्त्री म्हणाले. "आज लेव्हल आबा बघतले!"